शंभर रेघांची चकती

आमच्या शेडमध्ये लेथच्या बेडवर एक लोखंडी ठोकळा बसवलेला आहे. ठोकळ्यातून एक स्क्रू आरपार जातो आणि स्क्रूच्या डाव्या टोकाला चाळीस मिलिमीटर व्यासाची एक चकती आहे. चकतीच्या कडेवर शंभर रेघा आहेत. दर दहाव्या रेघेपाशी हाताने ठोकलेला आकडा आहे आणि त्यातला ७ थोडा कलला आहे. ही वस्तू बाजारात तयार मिळते. आम्ही ती घरी केली आणि करताना दोनदा चुकलो. एका रेघेची किंमत काय असते, हा प्रश्न मला त्या चुकांमुळेच पडला. हा लेख त्या प्रश्नाविषयी आहे.

निघोजे हे खेड तालुक्यातलं, इंद्रायणीच्या उत्तर काठाचं गाव. नदीच्या वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. पिंपरी, चिंचवड, भोसरी भरत गेलं आणि पुढे कारखान्यांनी नदी ओलांडली. आज निघोज्याच्या हद्दीत महिंद्रचा वाहनांचा मोठा कारखाना आहे. मोठ्या कारखान्याभोवती लहान कारखाने आणि लहान कारखान्यांच्या मागे आमच्यासारख्या पत्र्याच्या शेड, अशी इथली उतरंड आहे. वरच्या पायरीवर रोबो वेल्डिंग करतो. सगळ्यात खालच्या पायरीवर राजकोटचं जुनं लेथ असतं आणि त्यावर एक माणूस उभा असतो.

मी आयुष्यभर टर्नर होतो, शेवटची काही वर्षं टूलरूममध्ये काढली. निवृत्तीनंतर पुतण्याच्या शेडमध्ये बसतो. त्याच्याकडे दोन लेथ, एक ड्रिलिंग मशिन आणि परभणीकडचा एक विशीतला मुलगा कामाला.

गेल्या पावसाळ्यात पायरीच्या पिनांचं काम आलं. पिनेचा बारीक भाग १८ मिलिमीटर लांब हवा होता, पाच शतांश इकडेतिकडे चालणार होतं. चारशे नग दिले, सत्तर परत आले. व्यास सगळ्यांचे बरोबर होते, चूक लांबीत होती. चूक आमचीच होती, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती. पुढची खेप अशीच गेली तर काम दुसऱ्या शेडला जाणार, हे सांगायला कोणी आलं नाही, पण पुतण्याला ते कळलं होतं. तो म्हणाला, "काका, सीएनसीचा हप्ता आपल्याला झेपणार नाही. ह्याच मशिनवर काय होतंय ते बघा."

लांबीला डायल नसते

ज्यांनी लेथ जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लेथवर काम फिरतं आणि हत्यार सरकतं. हत्यार आत-बाहेर सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडच्या मुठीपाशी रेघांची डायल असते. म्हणून व्यास मोजून कापता येतो. पण हत्यार डावीकडे-उजवीकडे नेणारं जे मोठं चाक असतं, त्याला जुन्या स्वस्त लेथवर बहुधा डायल नसतेच. लांबी टर्नरच्या नजरेवर, खडूच्या खुणेवर आणि दर नगाला व्हर्निअर लावण्यावर अवलंबून असते. दहा नग बरोबर येतात. जेवणानंतरचे दहा येत नाहीत.

यावर जुना उपाय म्हणजे कॅरेज स्टॉप. बेडवर ठोकळा आवळायचा, सरकणारा भाग येऊन त्याला टेकला की थांबवायचा. दर वेळी तिथेच थांबला की लांबी दर वेळी तीच. पण ठोकळा नेमका कुठे आवळायचा? हाताने सरकवून आवळताना तो दशांश-दोन दशांश मिलिमीटर सहज हलतो, आणि आमची सूट पाच शतांशाची होती. म्हणून ठोकळ्यात स्क्रू हवा आणि स्क्रूला रेघांची चकती हवी.

स्क्रूच्या एका फेरीत टोक जेवढं पुढे जातं त्याला पिच म्हणतात. पिच एक मिलिमीटर असेल आणि चकतीवर शंभर समान भाग असतील, तर एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. डोळ्याला न दिसणारं अंतर डोळ्याला दिसणाऱ्या अंतरात बदलतं. आमच्या चकतीचा परीघ १२५.६६ मिलिमीटर आहे, म्हणजे दोन रेघांमध्ये सव्वा मिलिमीटरहून थोडं जास्त अंतर. शंभरावा भाग सव्वाशे पटींनी मोठा होऊन समोर येतो. खिशातला मायक्रोमीटरही याच तत्त्वावर चालतो. फ्रान्समधल्या जाँ लोराँ पामर यांनी १८४८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात ब्राउन अँड शार्प या अमेरिकन कंपनीच्या मालकांनी तो पाहिला आणि पुढे तो जगभरच्या कारखान्यांत पोचला.

आपल्याकडे बारीक मापाचा विचार नव्हता असं नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त आठ यवांचं एक अंगुल आणि चोवीस अंगुलांचा हात, असं कोष्टक सुरुवातीलाच आहे. आमच्या लहानपणी सुतार 'सूत' म्हणायचा, म्हणजे इंचाचा आठवा भाग. कारखान्यात आल्यावर इंचाचा हजारावा भाग ऐकला आणि मग मायक्रॉन. हाताच्या मापातून मायक्रॉनपर्यंतचा प्रवास या पट्ट्यातल्या अनेक घरांनी एका पिढीत केला आहे.

एकशे सत्तावीस दात

आधी स्क्रू. दुकानात बारा मिलिमीटरचा चालू स्क्रू घेतला तर त्याचे आटे पावणेदोन मिलिमीटर पिचचे असतात. त्याला शंभर रेघा उपयोगाच्या नाहीत. एक मिलिमीटर पिचचा स्क्रू आम्हालाच पाडावा लागणार होता.

आमच्या लेथचा लीड स्क्रू इंची आहे, एका इंचात चार आटे. इंची यंत्रावर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर मध्ये एक दुभाषा लागतो. तो म्हणजे १२७ दातांचा गिअर. एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर. त्याची पाचपट १२७. ही मूळ संख्या आहे, तिचे तुकडे होत नाहीत, म्हणून लहान गिअरांच्या जोडीने तिचं काम अचूक भागत नाही. आमच्या संचात हा गिअर होता, कधीच न वापरल्यामुळे काळा पडलेला. लीड स्क्रूचा पिच ६.३५ मिलिमीटर. चालवणारा गिअर २० दातांचा, चालणारा १२७ दातांचा लावला की ६.३५ गुणिले २० भागिले १२७, उत्तर बरोबर एक येतं. ते गणित मी खडूने पत्र्यावर मांडलं. परभणीचा मुलगा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे काका, हा गिअर इंचाचं मराठी करतो." मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

स्क्रू इएन-८ पोलादाचा केला. ठोकळ्यात गनमेटलचा बुश बसवून त्याला आतून आटे पाडले, बुश एका बाजूने चिरला आणि चिरेवर आवळायला लहान बोल्ट दिला, म्हणजे पुढे झीज झाली तर ढिलेपणा काढता येईल. ठोकळ्याच्या बुडाला बेडच्या उतारावर बसणारी खाच कानशीने जुळवली. निळी लावायची, टेकवायचं, जिथे निळी लागली तेवढंच घासायचं. या कामाला दोन संध्याकाळ लागल्या.

शंभरावी रेघ

चकतीत आम्ही पहिल्यांदा चुकलो. मला वाटलं, परीघ १२५.६६, भागिले शंभर, म्हणजे १.२५७ मिलिमीटर. डिव्हायडर त्या अंतरावर लावला आणि कडेवर पावलं टाकत खुणा करत गेलो. नव्वदीपर्यंत सगळं देखणं दिसत होतं. शंभरावी रेघ शून्यावर यायला हवी होती, ती दीड घर पुढे गेली. डिव्हायडर फक्त दोन शतांश मिलिमीटर जास्त उघडा होता. पण शंभर पावलांत ती चूक दोन मिलिमीटर झाली. प्रत्येक पाऊल आधीच्या पावलावर उभं होतं, म्हणून प्रत्येकाची चूक पुढच्याने उचलली.

उपाय उलट दिशेने विचार करण्याचा आहे. लहान वर्तुळावर पावलं टाकायची नाहीत. मोठ्या वर्तुळाचे भाग करायचे आणि ते लहान वर्तुळावर उतरवायचे.

आम्ही प्लायवूडची ३१८ मिलिमीटर व्यासाची तबकडी केली, कारण ३१८.३१ मिलिमीटर व्यासाचा परीघ बरोबर एक मीटर असतो. तबकडी लेथच्या स्पिंडलच्या मागच्या टोकाला बसवली, हळूहळू फिरवत पॉलिशपेपरने कड घासली. पोलादी मोजपट्टीचा एक मीटरचा तुकडा तिच्याभोवती गुंडाळून बघायचा, टोकांमध्ये फट राहिली की काढून पुन्हा घासायचं. शेवटी शून्य आणि हजार एका रेषेत आले. आता मोजपट्टीवरचा दर दहावा मिलिमीटर म्हणजे एक घर. जवळ एका स्टुलाला करवतीच्या पात्याचा टोकदार तुकडा काटा म्हणून बांधला. पुढे चकमध्ये कोरी चकती होती. काट्यासमोर १० आणायचा, स्पिंडल पाचर मारून थांबवायचं, आडवं धरलेलं टोकदार हत्यार हाताने सरकवून एक रेघ ओढायची. मग २०, मग ३०. साध्या रेघा चार मिलिमीटर, पाचव्या सहा आणि दहाव्या आठ.

काट्यासमोर आकडा आणताना माझी नजर अर्धा मिलिमीटर चुकली असं धरू. हजारात अर्धा. चाळीस मिलिमीटरच्या चकतीवर ती चूक सहा शतांश होते, म्हणजे एका घराचा विसावा भाग. आणि स्क्रूच्या टोकाशी ती चूक किती? एक मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी, अर्धा मायक्रॉन. शिवाय प्रत्येक खूण पट्टीवरून स्वतंत्र घेतलेली, त्यामुळे एकीची चूक दुसरीला लागत नाही. चहाचा कप बाजूला ठेवून, सुताराच्या सामानातून केलेली विभागणी आमच्या गरजेच्या कितीतरी पट अचूक होती.

मोठ्या वर्तुळाचा हा विचार जुना आहे. अठराव्या शतकात सवाई जयसिंहाने पितळी यंत्रांविषयी तक्रार केली होती: ती लहान असतात, त्यांच्यावर कलांचे भाग पडत नाहीत, आस झिजतात, केंद्र सरकतं. म्हणून त्याने दगड-चुन्याची यंत्रं उभारली. जयपूरचं सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे आणि त्यावर दोन सेकंदांपर्यंत वेळ वाचता येते. त्याच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राट यांनी युक्लिडच्या भूमितीचं संस्कृत रूप 'रेखागणित' या नावाने केलं. जंतरमंतर बघताना आपण त्याची भव्यता बघतो. पण त्या आकारामागे कारागिराची अडचण आहे. रेघ बारीक ओढता येत नसेल तर वर्तुळ मोठं करा.

पुढे हेच मोठेपण यंत्रात आलं. लंडनच्या जेसी रॅम्सडेनने ४५ इंच व्यासाचं चाक केलं, त्याच्या कडेला २१६० दात पाडले आणि त्यात स्क्रू गुंतवला. स्क्रूच्या सहा फेऱ्यांत चाक एक अंश फिरे. जहाजावरची कोन मोजायची उपकरणं त्यावर भराभर विभागता येऊ लागली. इंग्लंडच्या 'बोर्ड ऑफ लाँगिट्यूड'ने त्याला बक्षीस दिलं, पण अट घातली की त्याने ही पद्धत इतर कारागिरांना शिकवावी आणि तिचं वर्णन प्रसिद्ध करावं. ते वर्णन १७७७ मध्ये छापलं गेलं. रेघा ओढण्याची विद्या त्याआधी घराघरांत लपवून ठेवली जाई. त्या अटीने रॅम्सडेनची पद्धत छापील पानावर आली.

स्क्रूची आई

चकती बसवली, आकडे ठोकले, आणि आम्ही दुसऱ्यांदा चुकलो. आकडे उलट्या दिशेने वाढत होते. मूठ घड्याळाच्या दिशेने फिरवली की स्क्रू पुढे येतो, तेव्हा आकडा वाढायला हवा. आमचा कमी होत होता. चकती पुन्हा कापली, रेघा पुन्हा ओढल्या. या वेळी रेघा मुलाने ओढल्या आणि मी काट्यापाशी बसलो.

मग तपासणी. डायल गेज समोर लावून स्क्रूच्या नऊ फेऱ्या केल्या. सुई ९.०१ वर आली. एक रेघ जास्त. चकती दोषी नव्हती, कारण पूर्ण फेरीला तीच रेघ पुन्हा समोर येते. दोष स्क्रूच्या पिचमध्ये होता, आणि तो आमच्या लेथच्या लीड स्क्रूकडून आलेला असणार. प्रत्येक स्क्रूला आई असते. ज्या लेथवर तो पाडला त्याच्या लीड स्क्रूची झीज आणि खोड तो घेऊन येतो. मग पहिला चांगला स्क्रू कुठून आला? इंग्लंडच्या हेन्री मॉडस्लीने यावर आयुष्यभर काम केलं, दोष हेरून दुरुस्त केलेल्या स्क्रूवरून पुढचा अधिक चांगला स्क्रू काढत गेला. त्याच्या टेबलावर एक मायक्रोमीटर असे, इंचाच्या दहाहजाराव्या भागापर्यंत वाचणारा. कारखान्यात मापावरून वाद झाला की शेवटचा निकाल त्याचा, म्हणून त्याचं नाव पडलं 'लॉर्ड चॅन्सेलर', इंग्लंडचा तेव्हाचा सर्वोच्च न्यायाधीश.

महाराष्ट्रात हा वारसा किर्लोस्करांमार्फत अनेकांच्या हाती आला. व्हीजेटीआयमधली शिक्षकाची नोकरी सोडलेल्या लक्ष्मणरावांनी बेळगावात सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी केली. पुढे १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर निघाली आणि तिची लेथ देशभर गेली. मी शिकलो ते लेथ किर्लोस्करच होतं. त्याच्या डायलवरच्या रेघा कोणी, कशा ओढल्या असतील, हा प्रश्न मला तेव्हा एकदाही पडला नव्हता.

नऊ मिलिमीटरला एका शतांशाचा दोष आम्ही तसाच ठेवला, कारण आम्हाला चकतीकडून पूर्ण लांबी हवीच नव्हती. पद्धत अशी: ठोकळा अंदाजाने आवळायचा. पहिला नग कापायचा, थंड होऊ द्यायचा, मोजायचा. लांबी १८.०७ आली तर चकती सात रेघा पुढे घ्यायची. स्क्रू पुढे आला की हत्यार आधी थांबतं आणि पायरी तेवढी आखूड होते. चकती फक्त फरक सांगते. सात रेघांच्या फरकात स्क्रूचा दोष मायक्रॉनच्या आतच राहतो.

"थंड होऊ द्यायचा" हे उगाच लिहिलेलं नाही. पोलादाचा एक मीटर दर अंशाला साडेअकरा मायक्रॉनच्या आसपास वाढतो. कापून निघालेला १८ मिलिमीटरचा भाग भोवतालापेक्षा चाळीस अंशांनी गरम असेल तर आठ मायक्रॉन लांब भरतो, जवळजवळ एक रेघ. जगभर लांबीचं माप २० अंश सेल्सिअसला धरतात. चाकणच्या मे महिन्यात पत्र्याखाली २० अंश कुठून आणणार? पण मोजणारं आणि मोजलं जाणारं दोन्ही पोलाद असेल आणि दोन्ही एकाच तापमानाला असतील, तर दोन्ही सारखीच वाढतात आणि बहुतेक चूक आपोआप निघून जाते. म्हणून नग आणि मायक्रोमीटर एकाच टेबलावर थोडा वेळ शेजारी ठेवायचे, एवढंच.

शेवटचा दोष आम्हाला सर्वांत उशिरा सापडला. स्क्रूच्या ढिलेपणाची मला भीती होती, पण इथे कॅरेज येऊन नेहमी एकाच बाजूने स्क्रूला दाबते, त्यामुळे आट्यांचा एकच अंग टेकतो आणि ढिलेपणा मापात फारसा येत नाही. दोष हाताच्या जोराचा होता. मुलगा अलगद टेकवायचा, पुतण्या आपटायचा. दोघांच्या नगांत तीन शतांशांचा फरक पडला. जोराने टेकवलं की ठोकळा किंचित वाकतो. मायक्रोमीटरला रॅचेट असतो तो याचसाठी, कोणाच्याही हातात दाब तोच राहावा म्हणून. आमच्या ठोकळ्याला रॅचेट नाही. आम्ही खालची आवळपट्टी रुंद केली आणि नियम केला: ऑटो फीड दोन मिलिमीटर आधी सोडायचं, उरलेलं हाताने, एका बोटाच्या जोराने.

पुढच्या खेपेत चारशेपैकी तीन नग परत आले. तिघांवरही जोरात टेकवल्याची खूण होती आणि ते कोणाचे हे विचारायची गरज पडली नाही. काम आमच्याकडे राहिलं.

खंडेनवमीला आम्ही लेथला झेंडूचा हार घातला. मुलाने ठोकळ्यालाही एक फूल वाहिलं. त्याच आठवड्यात मागच्या शेडचे मालक ती चकती बघायला आले. त्यांच्याकडेही पिनांचंच काम आहे, बहुधा आमच्याच कामावर नजर असलेलं. पुतण्याने माझ्याकडे बघितलं. मी रॅम्सडेनची गोष्ट सांगितली नाही. प्लायवूडची तबकडी भिंतीवरून काढली, मोजपट्टीवरची धूळ पुसली आणि मुलाला म्हणालो, "ह्यांना रेघा कशा ओढायच्या ते दाखव. आकड्यांची दिशा आधी सांग."